बरगे वेळेत घाला, पेरणीआधी पाणी वाटून घ्या

परतीचा पाऊस ओसरला की कोल्हापुरी बंधारा असलेल्या गावांच्या हाती थोडेच दिवस उरतात. साधारण १५ ऑक्टोबरच्या सुमारास बरगे, म्हणजे बंधाऱ्याच्या खांबांमधल्या खोबणीत एकावर एक बसवायच्या, पाणी अडवणाऱ्या आडव्या फळ्या, घालायला घ्यावेत. फार घाई केली आणि वरून लोंढा आला, तर बरगे वाकतात, काठची जमीनही खरवडून जाते. उशीर केला तर नदीची धार आटते आणि बंधारा भरतच नाही. म्हणून हवामान खात्याचा अंदाज बघून खालचे बरगे आधी बसवा, वरचे आभाळ निवळल्यावर.

खरी मेहनत खोबणीत आहे. पावसाळ्यात तिथे गाळ, काटक्या, खडे अडकून बसतात. सळईने खरवडून तळाच्या काँक्रीटपर्यंत खोबणी साफ करा. सुपारीएवढा खडा राहिला तरी बरगा नीट टेकत नाही, आणि पाण्याचा दाब तळाशीच जास्त असल्याने तिथली गळती सगळ्यात वाईट. रबरी पट्टी कडक झाली असेल तर बदला. बरग्यांच्या दोन रांगा असतील तर मधल्या पोकळीत चिकण माती थराथराने टाकून ठोका. मुरूम नको, त्यातून पाणी झिरपते. बंधारा भरू लागला की खालच्या अंगाने फिरून गळती बघा. तेव्हाच बुजवली तर सोपे जाते.

आता वाटपाचे. काठोकाठ पाणी दिसले की काठावरचे मोठे पंप सुरू होतात आणि फेब्रुवारीत गावाची विहीर तळ गाठते. ग्रामसभा पेरणीआधीच घ्या. पिण्याचे आणि जनावरांचे पाणी आधी बाजूला काढा, त्या पातळीची खूण बंधाऱ्याच्या भिंतीवर रंगवा, पाणी तिथवर उतरले की पंप बंद. सांगली जिल्ह्यात येरळा नदीवर बलवडी-तांदुळवाडीच्या लोकांनी उभारलेल्या बळीराजा धरणात भूमिहीनांचाही पाण्यावर हक्क मानला गेला. आपल्याला निदान विहिरीचे पाणी तरी राखता यायला हवे.

उरलेल्या पाण्यावर नवा ऊस लावू नका. हरभरा आणि रब्बी ज्वारी कमी पाण्यात येतात. हरभऱ्याला दोन पाणी मिळणार असतील तर ३०-३५ आणि ६०-६५ दिवसांनी द्या. गहू घ्यायचाच असेल आणि एकच पाणी असेल तर ते पेरणीनंतर ४०-४२ दिवसांनी. दोन असतील तर पहिले २०-२२ आणि दुसरे ६०-६५ दिवसांनी.