‘टॅसिटली’ वापरताना या चुका टाळा

न बोलता दिलेल्या संमतीसाठी इंग्रजीत ‘टॅसिटली’ हे क्रियाविशेषण आहे. आपल्या डोक्यात ‘मौनं संमतिलक्षणम्’ पक्कं बसलेलं असतं. म्हणून समोरचा गप्प बसला, की आपण ‘ही टॅसिटली अग्रीड’ लिहून मोकळे होतो. सगळ्यात मोठी चूक हीच.

नुसतं मौन पुरत नाही, वागण्यातून होकार दिसावा लागतो. सोसायटीच्या आवारात एक भाडेकरू रोज गाडी लावतो. सेक्रेटरी बघतात, हटकत नाहीत, उलट स्वतःची स्कूटर सरकवून जागा करून देतात. इथे ‘द सेक्रेटरी टॅसिटली अलाउड इट’ चपखल बसतं. पण ग्रुपवरच्या मेसेजला कुणी उत्तर दिलं नाही, एवढ्यावरून ‘एव्हरीवन टॅसिटली अग्रीड’ लिहू नका. अर्ध्या लोकांनी तो उघडलाही नसेल!

कायद्यालाही हा फरक कळतो. इंग्लंडमधला १८६२ चा ‘फेल्टहाउस विरुद्ध बिंडली’ खटला कायद्याच्या विद्यार्थ्यांना पाठच असतो. काकाने पुतण्याला कळवलं, तुझं उत्तर आलं नाही तर घोडा ३० पौंड १५ शिलिंगला माझा. पुतण्याने उत्तर धाडलं नाही, पण हा घोडा विकू नकोस असं लिलाववाल्याला बजावलं. त्याने तो चुकून विकलाच. काकाने लिलाववाल्यावर दावा लावला आणि हरला, कारण पुतण्याचा होकार काकापर्यंत कधी पोचलाच नव्हता.

‘सीक्रेटली’शीही गल्लत होते. बंद खोलीत दोघांनी बोलून सौदा ठरवला, तर तो ‘सीक्रेटली’. टॅसिटलीत लपवाछपवी असेलच असं नाही, शब्द मात्र नसतात. म्हणून ‘ही टॅसिटली टोल्ड मी’ हे वाक्य हास्यास्पद होतं. ‘मुलं वर्गात शांत बसली’ यासाठी ‘सायलेंटली’ वापरा. ‘टॅक्टफुली’ आणि ‘टॅक्टिकली’ यांचा तर या शब्दाशी संबंधच नाही. मुळात लॅटिन ‘टासेरे’ म्हणजे गप्प राहणं. अबोल माणसाला म्हणतात तो ‘टॅसिटर्न’ त्याच घरातला.

आणखी एक, जागेबद्दल. मराठीच्या सवयीने हा शब्द कुठेही टाकू नका. मुख्य क्रियापदाच्या आधी आणि ‘हॅड’, ‘हॅव’ नंतर तो शोभतो: ‘दे हॅड टॅसिटली अ‍ॅक्सेप्टेड द डिले’. सोबतीला अग्री, अ‍ॅक्सेप्ट, अप्रूव्ह, सपोर्ट, अ‍ॅडमिट ही क्रियापदं हमखास चालतात.