इंजिनात तुटून अडकलेला बोल्ट कसा काढावा

बोल्टचं डोकं तुटलं की हात लगेच ईझी-आउटकडे, म्हणजे तुटक्या बोल्टात भोक पाडून त्यात रुतवायच्या आणि उलटं फिरवायच्या अवजाराकडे जातो. तो आवरा. अखंड असताना जो बोल्ट पान्याला दाद देत नव्हता, तो स्वतःच्याच पोटात बसवलेल्या बारीक ईझी-आउटला क्वचितच दाद देतो. ईझी-आउट कडक आणि ठिसूळ पोलादाचा असतो. तो आत मोडला तर साधं हायस्पीड ड्रिल त्याला लागत नाही. मग कार्बाइडचं बिट किंवा स्पार्क इरोजनचं (विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवणारं) मशीन शोधावं लागतं आणि एका तासाचं काम आठवड्यावर जातं.

आधी बोल्ट का तुटला ते बघा. आवळताना जास्त जोर लागून तुटला असेल तर आटे सहसा मोकळे असतात. डोक्याबरोबर ताणही गेलेला असतो, त्यामुळे राहिलेला तुकडा कधीकधी टोकदार पंचाने हळूहळू फिरवूनही बाहेर येतो. सोडवताना तुटला असेल तर आटे धरलेले आहेत. बिडाच्या ब्लॉकमध्ये हा गंज असतो. अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्ये पोलादी बोल्टाशेजारी ओलावा शिरून पांढरी भुकटी तयार होते आणि ती आट्यांत ठासून बसते.

तारेच्या ब्रशने जागा साफ करा, गंज सोडवणारं तेल सोडा आणि बोल्टच्या टोकावर हातोडीने हलके ठोके द्या. रात्रभर मुरू द्या, मधूनमधून पुन्हा तेल द्या. खरं काम मात्र उष्णता करते. सारख्याच तापमानवाढीला अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, म्हणून तिथे बोल्ट न तापवता भोवतालचं कास्टिंग (इंजिनाचा ओतीव भाग) तापवा: भोक मोठं होतं. 150 ते 200 अंश सेल्सिअस पुरे. ज्योत एका जागी धरू नका, कारण अ‍ॅल्युमिनियम लाल न होताच वितळतं. बिडात उलट करा. बीड आणि पोलाद जवळपास सारखेच फुगतात, म्हणून बोल्टच लाल होईपर्यंत तापवा. तो फुगून गंज चिरडतो आणि थंड होताना आकसून सैल होतो. तापवण्याआधी सांडलेलं तेल पुसा, इंधनाच्या नळ्या आणि सेन्सर बाजूला करा. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर मारलेल्या जागेवर ज्योत किंवा वेल्डिंग कधीच नको, त्यातून विषारी वायू निघतो.

तुकडा 5-6 मिमी वर असेल तर कानशीने दोन समोरासमोरच्या बाजू सपाट करून पाना लावा. आधी किंचित आवळा, मग सोडवा. पाव फेरा सोडवायचा, परत थोडा आत घ्यायचा, तेल द्यायचं. करकर आवाज आला की मागे फिरा.

तुकडा पृष्ठभागाला टेकलेला असेल तर नट वेल्ड करणं हा सर्वांत भरवशाचा उपाय आहे. आधी वॉशर ठेवून मधल्या भोकातून तुकड्यावर वेल्ड चढवा, मग त्यावर नट ठेवून आतून भरा. नटवरचं जस्त आधी घासून काढा, त्याचा धूर घातक असतो. बॅटरीच्या तारा काढा आणि वेल्डिंगची अर्थची तार इंजिनवरच, बोल्टच्या जवळ लावा. पोलादी वेल्ड अ‍ॅल्युमिनियमला धरत नाही, म्हणून आटे बहुधा वाचतात. लाली गेली की गरम असतानाच पान्याने पुढे-मागे हलवा. पहिला नट तुटून आला तरी दुसरा, तिसरा लावा. प्रत्येक तापण्याने पकड सुटत जाते.

ड्रिल शेवटी. तुटलेलं टोक सपाट करून अगदी मध्यावर पंच मारा. इथे 1 मिमी चुकलं तर ड्रिल मऊ अ‍ॅल्युमिनियमकडे सरकतं आणि आटे खातं. शक्य असेल तर या बोल्टने धरलेला पार्ट परत बसवून त्याच्या भोकात बुश (ड्रिल मध्यावर धरणारी नळी) घाला आणि त्यातून ड्रिल करा. उलट्या फिरणीचं बिट असेल तर उत्तम, कारण तुकडा बरेचदा त्याच्याबरोबरच फिरून येतो. 3 मिमीपासून सुरुवात करा, तेल लावा, वेग कमी ठेवा. एम8 (8 मिमी व्यासाच्या) बोल्टच्या 1.25 पिचसाठी, म्हणजे दोन आट्यांत 1.25 मिमी अंतर असताना, टॅपचं (आटे पाडणाऱ्या हत्याराचं) ड्रिल 6.8 मिमी असतं, पण भोक जरासंही कलतं वाटलं तर 6.5 वर थांबा आणि उरलेला आट्यांचा सर्पिल टोकदार सुईने उचका. ईझी-आउट वापरायचाच असेल तर सरळ खाचांचा घ्या: निमुळता पीळदार तुकड्याला आतून फुगवून आणखी घट्ट करतो.

भोक आरपार आहे की बंद, हे आधी मोजा. बिटाला खोलीची टेप लावा, कारण पलीकडे पाण्याची वाट असू शकते. शेजारची भोकं कापडाने बुजवा आणि हवेने कीस उडवताना गॉगल घाला. बंद भोकात तेल साचलेलं असताना नवीन बोल्ट आवळला तर तेलाच्या दाबाने कास्टिंग तडकू शकतं, म्हणून भोक पूर्ण कोरडं करा.

आटे गेलेच असतील तर कॉइल इन्सर्टचा (भोकात नवे आटे देणाऱ्या तारेच्या वेटोळ्याचा) संच घ्या. एम8 साठी ड्रिल सुमारे 8.3 मिमीचं असतं आणि टॅप संचातलाच लागतो. कॉइल पृष्ठभागाखाली पाव ते अर्धा फेरा ठेवून तिची शेपटी तोडा.

नवीन बोल्टला तांब्याचं अँटीसीझ (आटे धरू नयेत म्हणून लावायची पेस्ट) लावणार असाल तर मॅन्युअलमधला टॉर्क (आवळण्याचा जोर) कोरड्या आट्यांचा आहे का ते बघा. तसा असेल तर थोडा कमीच द्या.