थंडीत शेल्टर चालवताय? आम्ही केलेल्या या चुका टाळा

निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर उतरला की दुसऱ्या दिवशीच्या पेपरात द्राक्षबागेतल्या शेकोट्यांचा फोटो ठरलेला. तो छापून आला की आमचा फोन वाजायला लागतो: "जुनी ब्लँकेट्स पडलीयेत घरात, आणून टाकू का?" नाशिकच्या बाहेर, शेताच्या कडेला आमचं कुत्र्या-मांजरांचं छोटं शेल्टर आहे. थंडीत लोक हात आखडता घेत नाहीत, हा दरवर्षीचा अनुभव. घोळ होतो तो आमच्या बाजूने. काय हवंय ते आम्हीच नीट सांगत नाही, आणि आलेली मदत आमच्याच हाताने वाया घालवतो. कधीकधी एखाद्या जनावराच्या जिवावरही बेतते.

"जमेल ते द्या" म्हणू नका

पहिल्या हिवाळ्यात आम्ही ग्रुपवर टाकलं: थंडी वाढलीय, जमेल ते द्या. आठवड्याभरात खोली छतापर्यंत भरली. जरीच्या साड्या, चेनवाली जॅकेटं, मोठ्या बटणांचे स्वेटर, कापूस बाहेर आलेल्या उशा, आणि एक शेरवानीसुद्धा. त्यातल्या एका उशीतला कापूस एका पिल्लाने गिळला. तो आतड्यात अडकला आणि ऑपरेशन करावं लागलं. फुकट मिळालेली ती उशी आम्हाला त्या हिवाळ्यातली सगळ्यात महाग वस्तू पडली.

आता मागताना आम्ही वस्तू, आकडा आणि तारीख तिन्ही सांगतो. "३० रिकामी गोणपाटं, १५ जाड सुती चादरी, ६ प्लॅस्टिकचे क्रेट, रविवार दुपारपर्यंत." असं लिहिलं की माणूस घरात शोधतो, शेजाऱ्याला विचारतो, आणि तेच घेऊन येतो. गोधड्यांना मात्र हात जोडून नाही म्हणतो. गोधडी उबदार असते, पण एकदा कुत्र्याने तिच्यावर लघवी केली की ती दोन-दोन दिवस वाळत नाही. ओल्या गोधडीपेक्षा नुसती फळी बरी.

खरी वैरीण ओल

आमच्या सगळ्या चुका इथे येऊन मिळतात. कोरडी थंडी धडधाकट कुत्रा बऱ्यापैकी सोसतो. अंगाखाली ओल असेल तर तोच कुत्रा रात्रभर कुडकुडतो आणि चार दिवसांत खोकायला लागतो.

शहाबादी फरशी संध्याकाळी धुऊ नका. आमच्याकडे कामाला असलेला मुलगा नवा होता तेव्हा मोठ्या हौसेने रात्रीच्या जेवणानंतर पाणी मारायचा. स्वच्छता दिसायची आणि सकाळी फरशी बर्फासारखी. धुणं सकाळी, ऊन आल्यावर. वायपरने पाणी ओढून घ्यायचं आणि फरशी खडखडीत वाळल्याशिवाय अंथरूण टाकायचं नाही. अंथरूणसुद्धा थेट फरशीवर नको. आमच्याकडे पॅकिंग हाऊसमधून मोडके लाकडी पॅलेट मिळतात. त्यांचे खिळे काढून, वर गोणपाट टाकून बसायला देतो. जमिनीपासून चार बोटं उंची मिळाली तरी फरक पडतो.

पेंढ्याला तोड नाही. इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूला दिवाळीच्या आसपास भात निघतो, तेव्हाच वर्षाचा पेंढा बोलून ठेवा. जानेवारीत शोधायला गेलात तर सगळा गाईगुरांसाठी गेलेला असतो. कुत्रं त्यात गोल फिरून खड्डा करतं आणि त्यात अंग मुडपून झोपतं. बाजरीचं सरमाड चालत नाही, टोचतं. दाबून बघा: पेंढा मऊ, दमट लागला की बदलायची वेळ झाली.

दुसरी चूक ताडपत्रीची. वारा येतो म्हणून आम्ही एकदा शेड चारही बाजूंनी, छतापर्यंत बांधून टाकली. सकाळी आत गेलो तर डोळे चुरचुरले, पत्र्याखाली थेंब लोंबत होते. लघवीचा वास आणि श्वासांची वाफ बाहेर जायला जागाच नव्हती. वारा जनावराच्या अंगावर येऊ नये एवढंच बघायचं. खालची तीनेक फूट बाजू बंद, वर हातभर फट उघडी.

गार पडलेल्या पिल्लाला दूध पाजू नका

कुत्र्यांचा भाद्रपद सगळ्यांना ठाऊक आहे. त्यानंतर साधारण ६३ दिवस मोजा, म्हणजे पिल्लं कार्तिक-मार्गशीर्षात, ऐन थंडीत का येतात ते कळेल. नोव्हेंबरपासून आमच्या फाटकाशी खोकी दिसायला लागतात.

पहिले दोन-तीन आठवडे पिल्लाला स्वतःच्या अंगाची ऊब टिकवता येत नाही. ती आईची आणि भावंडांची असते. एकटं सापडलेलं पिल्लू थंडगार आणि मलूल असतं. आपला जीव कळवळतो आणि पहिला हात दुधाच्या बाटलीकडे जातो. तिथेच चुकतं. अंग गार असताना पोट काम करत नाही. दूध पचत नाही, आणि पिल्लू धड गिळत नसल्याने ते श्वासनलिकेत जायचाही धोका असतो. आधी स्वच्छ बोट पिल्लाच्या तोंडात घालून बघा. आतून गार लागलं तर दूध बाजूला ठेवा. आपल्या स्वेटरच्या आत, पोटाशी धरा, किंवा गरम पाण्याची बाटली मोज्यात घालून शेजारी ठेवा. सावकाश, तासभर तरी. शेकोटीजवळ किंवा हेअर ड्रायरने एकदम तापवू नका. तोंड आतून उबदार लागलं, पिल्लू चुळबुळ करून चोखायला बघायला लागलं की मग पाजा. पिल्लू पालथं असू द्या, तान्ह्या बाळासारखं उताणं धरू नका. गाईच्या दुधाने बहुतेकांना जुलाब होतात. पिल्लांसाठीची दूध पावडर मिळते, तीच वापरा.

बाटलीतलं पाणी दोन-तीन तासांत निवतं आणि मग तीच बाटली पिल्लाची ऊब ओढून घेते. म्हणून रात्रीचा गजर लावायचा. आमच्याकडे ती पाळी कॉलेजातली दोन पोरं करतात, मी झोपते. सलाइनचंही तसंच. थंड खोलीतली बाटली तशीच लावली तर आजारी जनावर आतून आणखी गार होतं. आधी कोमट पाण्यात बुडवून ठेवा आणि मनगटावर थेंब टाकून बघा.

शेगडी नको, बल्ब जपून

बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवू नका. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूने माणसं दगावतात, पिल्लांचं काय. पिवळा बल्ब लावायचा तर जाळीच्या आड, पेंढ्यापासून लांब, आणि वायर दातांना लागणार नाही अशी. तो खोक्याच्या एकाच टोकाला लावा, म्हणजे गरम झालं की पिल्लाला सरकायला जागा राहते. सगळी पिल्लं एकावर एक चढलेली दिसली तर त्यांना गार लागतंय. लांब-लांब पसरून धापा टाकत असतील तर ऊब जास्त झाली.

थंडी आहे म्हणून नव्याला थेट आत घेणं

बाहेर कुडकुडतंय, एक रात्र बाकीच्यांबरोबर राहू दे, असं वाटतं. त्या एका रात्रीत पार्व्हो किंवा डिस्टेंपर, म्हणजे कुत्र्यांचे जीवघेणे साथीचे रोग, आत येतात. नव्या जनावराला दोन आठवडे वेगळं ठेवायचं, त्याची भांडी वेगळी आणि आपल्या चपलाही वेगळ्या. फिनाइलवर विसंबू नका. पार्व्होचा विषाणू त्याला सहसा दाद देत नाही आणि जमिनीत महिनोन् महिने टिकतो. आधी घाण साफ करा, मग साधं ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, एक भाग आणि पाणी तीस भाग, दहा मिनिटं ओलं राहू द्या. मांजरांच्या खोलीत तर फिनाइल मुळीच नको, त्यांना ते विषारी आहे. पिल्लांचं लसीकरण सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होतं आणि सोळा आठवड्यांपर्यंत पुन्हा पुन्हा द्यावं लागतं. एका टोच्यावर काम भागलं असं समजू नका.

लग्नाघरचं जेवण

तुळशीचं लग्न लागलं की माणसांची सुरू होतात, आणि रात्री अकराला फोन: "दोन पातेली बिर्याणी उरलीय." बिर्याणीतला कांदा कुत्र्याच्या रक्ताला घातक, शिजलेली हाडं टोकदार तुटतात, मनुका तर विषच. साधा भात, पोळ्या, बिनमसाल्याचं उकडलेलं चिकन घ्या. बाकीला गोड शब्दांत नकार. केटररला आधीच सांगून ठेवलं तर तो फोडणीआधीचा भात बाजूला काढतो. आमचा काढतो. संध्याकाळचं जेवण कोमट आणि थोडं जास्त द्या. पाणीही कोमट, कारण गार पाण्याला जनावर तोंड लावत नाही.

पैसे आणि माणसं

देणगीची पावती त्याच दिवशी द्या. रोख २,००० रुपयांच्या वर दिलेल्या देणगीला आयकरातली सवलत मिळत नाही, हे देणाऱ्याला आधी सांगा, मार्चमध्ये नाही. आणि खर्चाचा कागद फाटकावर लावा: पेंढा इतका, लसी इतक्या. आम्ही लावायला लागलो तेव्हापासून "पैसे जातात कुठे" हा प्रश्न कुणी विचारलेला नाही.

व्हॉलंटियर नाताळच्या सुट्टीत झुंबड करतात आणि जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, थंडी तशीच असताना, गायब होतात. वीस उत्साही माणसांपेक्षा ठरलेल्या वाराला येणारी पाच जणं धरून ठेवा. मंगळवारी पेंढा बदलणाऱ्या एक निवृत्त मावशी आहेत. त्यांनी तीन वर्षांत एकदाही मंगळवार चुकवला नाही, आणि एकदाही कुत्र्यासोबत फोटो काढला नाही.

संक्रांतीचा आठवडा मोकळा ठेवा

आमच्या जिल्ह्यात, येवल्याला भोगी, संक्रांत, करी असे तीन दिवस पतंग उडतात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली. तरी घारी, घुबडं, बगळे पंख कापलेले येतातच. तेव्हा शेल्टरमधली एक खोली आधीच रिकामी आणि कुत्र्यांपासून लांब ठेवा. लोकांनाही आधीच सांगा: मांजा ओढायचा नाही, पक्ष्याच्या दोन्ही बाजूंनी कापायचा, जखमेतला तुकडा तसाच राहू द्यायचा. चोचीत पाणी ओतायचं नाही. भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, उबेला ठेवायचं आणि वनविभागाच्या १९२६ वर कळवायचं. द्राक्षाचे रिकामे खोके यासाठी अगदी बेताचे असतात, भोकं आधीच पाडलेली. खोक्यावर पक्षी कुठे सापडला ते मात्र लिहा, चौकाच्या किंवा झाडाच्या नावासकट. बरा झाला की त्याला तिथेच नेऊन सोडायचं असतं.