फॉलोअपला जाण्याआधी सांधेदुखी मोजून न्या

स्तनाच्या कर्करोगाचे उपचार उरकले, केस परत आले, घरचे म्हणाले सुटलो एकदाचे, आणि हार्मोन रोखणारी रोजची गोळी सुरू झाल्यावर दोन-तीन महिन्यांत बोटं धरायला लागली. ठाण्यात फिजिओथेरपी करताना ही गोष्ट मी नेहमी ऐकते. यातल्या बऱ्याच जणी फॉलोअपला खारघरला टाटाच्या अ‍ॅक्ट्रेक या कर्करोग केंद्रात किंवा परळच्या टाटा हॉस्पिटलात जातात. तिथे डॉक्टरांनी विचारलं, सांधे कसे आहेत, की उत्तर ठरलेलं: ‘दुखतात, पण चालायचंच.’ एवढ्यावरून गोळी बदलायची की व्यायाम वाढवायचा की नुसती वाट बघायची, हे कुणालाच ठरवता येत नाही. म्हणून तारखेच्या दोन आठवडे आधीपासून ही तयारी करा. एक वही, पेन, घड्याळ आणि एक खुर्ची, एवढ्यात भागतं.

वहीच्या पहिल्या पानावर गोळीचं नाव आणि ती सुरू केल्याची तारीख लिहा. लेट्रोझोल २.५ मिलीग्रॅम, अ‍ॅनास्ट्रोझोल १ किंवा एक्झेमेस्टेन २५, यांपैकी एखादी असेल. पाळी गेल्यावरही चरबीत आणि स्नायूंत थोडं इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन बनत असतं. ते बनवणाऱ्या अ‍ॅरोमटेज या एन्झाइमला या गोळ्या अडवतात. ज्या गाठी हार्मोनवर वाढतात त्यांच्यासाठी हे औषध फार कामाचं आहे, आणि ते निदान ५ वर्षं घ्यायचं असतं. पण इस्ट्रोजेन इतकं खाली गेलं की सांधे कुरकुरतात. जवळपास निम्म्या बायकांची ही तक्रार असते, तेव्हा तुम्ही नाजूक आहात असं समजू नका. कंपनीनुसार नाव बदलतं, म्हणून गोळीची पट्टीच सोबत न्या. दुखण्यावर दुसरं काही घेत असाल, पेनकिलर, चूर्ण, कुणी सांगितलेला काढा, तर तेही लिहा. लपवायचं नाही.

गोळी अजून सुरूच झाली नसेल तर उत्तम. पुढे सांगितलेलं सगळं पहिली गोळी घेण्याआधी एकदा मोजून ठेवा. गुडघे आधीपासून दुखत होते की गोळीने दुखायला लागले, हा वाद पुढे हमखास होतो आणि आधीचा आकडा नसेल तर मिटत नाही. गोळी सुरू होऊन वर्ष झालं असेल तर आजचा आकडा हाच पाया धरा.

आता दुखतं कुठे ते. कागदावर माणसाची आकृती काढा, पुढून आणि मागून, आणि दुखऱ्या जागा पेनाने रंगवा. चित्र वेडंवाकडं आलं तरी चालेल. गोळीमुळे होणारं दुखणं बहुधा दोन्ही बाजूंना असतं: बोटं, मनगटं, गुडघे. बोटांच्या आणि पावलांच्या टोकांना मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर तो वेगळ्या रंगाने दाखवा, कारण पॅक्लिटॅक्सेलसारख्या केमोने नसांना झालेला त्रास वेगळा आणि त्याचा इलाजही वेगळा. ऑपरेशनच्या बाजूचा खांदा वर जात नसेल किंवा हात सुजून जड झाला असेल, तर तेही सांधेदुखीच्या खात्यात टाकू नका. एखादं बोट वाकल्यावर अडकतं आणि टक् करून सुटतं का, रात्री अंगठ्याच्या बाजूची बोटं बधिर होऊन जाग येते का, हे बाजूला लिहा. या दोन्ही तक्रारी या गोळ्यांवर दिसतात.

मग आकडा. शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे कल्पना करता येईल तेवढं जास्त. रोज संध्याकाळी एकाच वेळी, गेल्या २४ तासांतलं सगळ्यात जास्त दुखणं, सगळ्यात कमी, एरवीचं सरासरी आणि आत्ता या क्षणाचं, असे चार आकडे. ही पद्धत ‘ब्रीफ पेन इन्व्हेंटरी’ या प्रश्नावलीतली आहे, आणि या गोळ्यांच्या सांधेदुखीवरच्या मोठ्या अभ्यासांत तीच वापरली गेली. तिचा दुसरा भाग बायका वगळतात आणि नेमका तोच मला जास्त महत्त्वाचा वाटतो: दुखण्याने रोजचा वावर, मन, चालणं, काम, माणसांशी वागणं, झोप आणि जगण्यातली मजा या सात गोष्टींत किती आडकाठी केली, त्यालाही शून्य ते दहा. हे आकडे स्वतः, एकटीने बसून लिहा. नवरा शेजारी बसला की सातचा चार होतो, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता क्लिनिकमध्ये भाऊसाहेबांना बाहेर बसवते.

एका अंकाने वरखाली झालं म्हणून हुरळू नका आणि खचूही नका. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात २२६ बायकांवर अ‍ॅक्युपंक्चर तपासलं. सहा आठवड्यांत खऱ्या सुयांनी सगळ्यात जास्त दुखण्याचा आकडा सुमारे दोनाने उतरला, पण तुलनेसाठी खोट्या सुया टोचलेल्यांचा आणि काहीच न करता नुसत्या वाट बघणाऱ्यांचाही सुमारे एकाने उतरलाच. दोन किंवा त्याहून जास्त अंकांचा फरक टिकला, तर तो खरा धरायला हरकत नाही.

सकाळची आखडण मिनिटांत मोजा. जाग आल्याबरोबर, अंथरुणातच, दोन्ही मुठी वळून बघा. बोटांची टोकं तळव्याला टेकतात का? नाही टेकली तर मधल्या बोटाचं टोक आणि तळवा यांत किती अंतर राहतं ते मुलांच्या पट्टीने मोजा. अर्धा सेंटिमीटर, दीड, जे असेल ते. मग चहा ठेवा, कामाला लागा, आणि मूठ पूर्ण मिटली की घड्याळ बघा. बोटं सुजलेली दिसली तर तिथल्या तिथे मोबाइलवर फोटो काढा, कारण दुपारी ओपीडीत नंबर लागेपर्यंत सूज उतरलेली असते आणि डॉक्टरांना चांगला हात दिसतो. आखडण तासाभराहून जास्त टिकते आणि सांधे सुजतातही, असं असेल तर संधिवाताच्या तपासण्यांचं आवर्जून विचारा. दरवेळी दोष गोळीचाच असेल असं नाही.

हाताची पकड मोजायचं दवाखान्यात यंत्र असतं, डायनॅमोमीटर. कोपर काटकोनात ठेवून तीनदा दाबायचं आणि सरासरी घ्यायची. यंत्र नसेल तिथे काट्याच्या बीपी मशीनचा पट्टा गुंडाळून २० पर्यंत फुगवतात आणि तो दाबायला देतात. घरच्या डिजिटल मशीनवर हे जमत नाही, प्रयत्न करू नका.

घरी त्याऐवजी आपली पाच कामं निवडा, जी तुम्ही खरोखर करता तीच. कुकरचं झाकण लावणं, चार जणांची कणीक मळणं, भरलेली कढई पकडीने उचलणं, ब्लाउजची हुकं लावणं, ओली चादर पिळणं. प्रत्येकापुढे लिहा: सहज जमतं, कष्टाने जमतं, दुसऱ्याला सांगावं लागतं, सोडून दिलं. शेवटचा पर्याय प्रामाणिकपणे वापरा. कणीक मळणं सोडलं की हात कमी दुखतात, आकडा सुंदर दिसतो, आणि प्रत्यक्षात हाताची गत वाईट झालेली असते. गुडघ्यांसाठी दवाखान्यात वोमॅक ही २४ प्रश्नांची यादी देतील. त्यात दुखण्याचे ५, आखडण्याचे २ आणि कामांचे १७ प्रश्न असतात. ती भरताना मांडी घालून बसणं, उकिडवं बसणं आणि ठाणे स्टेशनचा पूल चढणं यांबद्दल कुणी विचारलं नाही, तरी खाली आपल्या हाताने लिहून द्या.

पायांच्या दोन चाचण्या, घरात कुणी सोबत असताना. पहिली: भिंतीला टेकवलेली, हात नसलेली लाकडी खुर्ची, बैठक साधारण १७ इंच उंच. प्लॅस्टिकची नको, सोफा तर नकोच. हात छातीवर आडवे, ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजा. ६० ते ६४ वयाच्या बाईला १२ पेक्षा कमी जमलं तर पायांत जोर कमी आहे असं समजतात. ६५ ते ६९ मध्ये ही सीमा ११ आहे. दुसरी: खुर्चीतून उठा, ३ मीटर नेहमीच्या चालीने जा, वळा, परत येऊन बसा. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे. याच गोळ्यांनी हाडं विरळ होतात, म्हणून हा आकडा डेक्सा स्कॅनच्या, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीच्या, रिपोर्टशेजारीच ठेवा. रिपोर्टमधला टी-स्कोअर, म्हणजे घनतेचा आकडा, उणे २.५ किंवा त्याखाली असेल तर पडणं परवडणारं नाही. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाचे रिपोर्टही त्याच फाइलमध्ये.

वहीसाठी थांबायचं नाही अशाही गोष्टी आहेत. एकाच जागी, हाडात, दिवसेंदिवस वाढणारं आणि रात्री झोपू न देणारं दुखणं. पाठदुखीबरोबर पायांत कमजोरी किंवा लघवीवरचा ताबा जाणं. लाल, गरम झालेला एकच सांधा आणि ताप. यातलं काही झालं तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. याच गटातली दुसऱ्या नावाची गोळी, टॅमॉक्सिफेन ही वेगळ्या तऱ्हेची हार्मोनची गोळी, दुखण्यासाठी ड्युलॉक्सेटिन असे पर्याय डॉक्टरांकडे आहेत. फॉलोअपच्या प्रश्नांत ते लिहून ठेवा. व्यायामाचंही विचारा. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम आणि दोनदा वजनांचा व्यायाम वर्षभर केलेल्या बायकांचं सगळ्यात जास्त दुखण्याचं प्रमाण २९ टक्क्यांनी घटलं होतं. दुखतंय म्हणून बसून राहा, असं सांगणाऱ्या शेजारणीला हे ऐकवा.

जायच्या दिवशीचे आकडे घरातून निघण्याआधी लिहा. ठाण्याहून पनवेल लोकलमध्ये उभ्याने खारघर गाठलं, वर रिक्षाचे धक्के खाल्ले, की गुडघ्याचा आकडा प्रवासाचा असतो. फाइलच्या वरच एक पान ठेवा: सगळ्यात जास्त दुखण्याची दोन आठवड्यांची सरासरी, आखडणीची मिनिटं, सोडून दिलेली कामं, खुर्चीचा आकडा. डॉक्टरांना तेवढंच दाखवा, वही मागितली तर द्या. गोळी किंवा व्यायाम बदलला तर सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा सगळं मोजा, त्याच वेळी आणि त्याच खुर्चीवर.