सात दिवस, पाच तिकिटं: सामने आणि मैफलींचा आठवडा कसा आखावा

एकाच आठवड्यात दोन सामने, एक शांत मैफल आणि दोन दणदणीत कॉन्सर्ट अशी तिकिटं हाती आली, की बहुतेक जण आधी सुट्टी आणि जाण्यायेण्याची जुळवाजुळव करतात. ती लागतेच. पण अशा आठवड्यात थकवा रोज थोडा थोडा साठतो आणि सगळं सारख्या वेगानं भरून येत नाही. पाय एका रात्रीत सावरतात, झोप काही रात्रींत भरून निघते. आतल्या कानातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी मात्र एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. म्हणून आखणी कानांपासून सुरू करा.

आवाजाचा आठवडी हिशोब

जागतिक आरोग्य संघटनेचं माप सोपं आहे: प्रौढ माणसासाठी आठवड्याला ८० डेसिबल, ४० तास. आवाज ३ डेसिबलनं वाढला की ध्वनिऊर्जा दुप्पट होते आणि परवडणारा वेळ निम्म्यावर येतो. या हिशोबानं ९० डेसिबलला आठवड्याचे साधारण चार तास मिळतात, ९५ ला सव्वा तास आणि १०० ला जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं. याच संघटनेनं २०२२ मध्ये कार्यक्रमांच्या जागांसाठी सुचवलेली कमाल पातळी १०० डेसिबल आहे, पंधरा मिनिटांच्या सरासरीनं. म्हणजे नियम पाळणाऱ्या ठिकाणीसुद्धा मुख्य कलाकार मंचावर येण्याआधीच तुमचा आठवड्याचा कोटा संपू शकतो.

सामने यात धरायचे लोक विसरतात. सरासरी ९० डेसिबलच्या स्टेडियममध्ये दोन तास बसलात की निम्मा कोटा गेला. प्रेक्षक नुसत्या ओरडण्यानं किती वर जाऊ शकतात याचा अंदाज हवा असेल, तर अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या अ‍ॅरोहेड स्टेडियममध्ये २०१४ साली नोंदलेला विक्रम १४२.२ डेसिबलचा आहे. तो क्षणभराचा आकडा, पण ढोल-भोंग्यांच्या शेजारची जागा का टाळायची हे त्यावरून कळतं. मोबाइलवरचं ध्वनिमापक अ‍ॅप काही डेसिबल इकडेतिकडे दाखवतं, तरी अंदाजाला पुरतं. अ‍ॅप नसेल तर हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतंय का ते बघा. लागत असेल तर ८५ च्या वर आहात असं समजा.

यावरून कार्यक्रमांचा क्रम ठरवा. शांत मैफल, एकल वादन, वाद्यवृंद हे आठवड्याच्या सुरुवातीला ठेवा. मोठ्या आवाजानंतर कानांची संवेदना तात्पुरती बोथट होते आणि पूर्ववत व्हायला काही तासांपासून एक-दोन दिवस लागतात. आदल्या रात्री स्पीकरसमोर उभं राहून दुसऱ्या दिवशी बारीक स्वरांची मैफल ऐकायला बसणं म्हणजे तिकिटाचा निम्मा पैसा वाया. दोन मोठ्या आवाजाचे कार्यक्रम लागोपाठ घेऊ नका, मध्ये किमान एक शांत दिवस ठेवा. परतीच्या गाडीत इअरफोनही नकोत. तेही याच कोट्यातून खातात.

इअरप्लग नीट बसवणं

फोमचे प्लग स्वस्त आहेत आणि आवाज भरपूर अडवतात, पण वरचे स्वर जास्त कापतात म्हणून संगीत घुसमटलेलं वाटतं. संगीतासाठी फिल्टरवाले प्लग घ्या. ते सगळे स्वर साधारण सारखे, १५ ते २० डेसिबलनं खाली आणतात. सामन्याला फोमचे चालतात.

फोमचा प्लग आधी बोटांत वळून सुरकुती न पडता बारीक करा. दुसरा हात डोक्यामागून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढा, म्हणजे कानाची नळी सरळ होते. प्लग आत सरकवा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटानं धरून ठेवा. मग दोन्ही तळहात कानांवर घट्ट दाबून बघा. आवाज एकदम कमी झाला, तर प्लग नीट बसलेला नाही. काढून पुन्हा बसवा. पाकिटावरचा आकडा प्रयोगशाळेतला असतो आणि प्रत्यक्षात बहुतेकांना त्याहून बराच कमी फायदा मिळतो, त्याचं कारण बहुधा हेच अर्धवट बसवणं.

दुसरी चूक बोलण्यासाठी प्लग काढण्याची. १०० डेसिबलच्या दोन तासांच्या कार्यक्रमात १५ डेसिबल अडवणारे प्लग पूर्ण वेळ ठेवले तर कोट्याचा सहावा हिस्सा जेमतेम जातो. तेच प्लग मध्ये फक्त १२ मिनिटं काढले, तर कानात जाणारी ऊर्जा जवळजवळ चौपट होते. तेव्हा प्लग दारातच घाला आणि बोलताना दुसऱ्याच्या कानाशी जा. लहान मुलांना प्लग नकोत, कानावर बसणारे मफ घाला.

वेळेचा अंदाज

कबड्डीचा सामना २० मिनिटांच्या दोन डावांचा, हॉकी १५ मिनिटांच्या चार सत्रांची. दोन्ही दोन तासांच्या आत आटोपतात. फुटबॉल मध्यंतर आणि वाढीव वेळ धरून दोन तास, पण बाद फेरीत बरोबरी झाली तर अतिरिक्त ३० मिनिटं आणि वर पेनल्टी. टी-ट्वेंटीला साडेतीन ते चार तास धरा. टेनिसला घड्याळच नाही: २०१० साली विम्बल्डनमध्ये इस्नर आणि माहू यांचा सामना तीन दिवसांत मिळून ११ तास ५ मिनिटं चालला होता. त्यानंतर निर्णायक सेटचे नियम बदलले, तरी टेनिसच्या संध्याकाळी दुसरं तिकीट काढणं हा जुगारच.

कॉन्सर्टच्या तिकिटावरची वेळ बहुधा दारं उघडण्याची असते. त्यानंतर तासभर तरी शांतता, मग ओपनिंग अ‍ॅक्टचा, म्हणजे मुख्य कलाकाराआधी गाणाऱ्याचा, अर्धा-पाऊण तास, मंचावरची सामानाची बदलाबदल २० ते ४० मिनिटं आणि शेवटी मुख्य कलाकार दीड-दोन तास. शास्त्रीय मैफलीचं उलट असतं. ती वेळेवर सुरू होते आणि उशिरा आलेल्याला दोन रचनांच्या मधल्या विरामापर्यंत बाहेर थांबवतात. म्हणून उशिराची सगळी मोकळीक कॉन्सर्टच्या दिवशी घ्या, मैफलीच्या दिवशी अजिबात नाही.

उघड्या मैदानावरच्या क्रिकेटसाठी पावसाचा नियमही माहीत हवा. टी-ट्वेंटीचा निकाल लागायला सहसा दोन्ही संघांना किमान पाच-पाच षटकं खेळता यावी लागतात. परताव्याची अट मात्र आयोजक स्वतंत्रपणे ठरवतो. तिकिटाच्या मागचा तो बारीक मजकूर खरेदीआधी वाचा.

जागा निवडताना

संगीतासाठी मंचाच्या अगदी पुढ्यात उभं राहण्याचा सोस असतो, पण तिथं मुख्य स्पीकरचा आवाज डोक्यावरून निघून जातो आणि ऐकू येतो तो मंचावरचा ड्रम आणि बेस. उत्तम आवाज साउंड कन्सोलच्या आसपास मिळतो, कारण तंत्रज्ञ तिथं बसूनच सगळं जुळवतो. फार मागे गेलात तर पडद्यावरचे ओठ आणि आवाज यांत फरक पडतो: आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे १०० मीटरवर तो जवळजवळ ०.३ सेकंद उशिरा पोचतो. मध्ये जादा स्पीकरचे मनोरे उभारलेले असतील, तर त्यांच्या थोडं मागे जागा घ्या, अगदी खाली नको.

फुटबॉल आणि हॉकीसाठी मधल्या रेषेजवळची वरची रांग घ्या, संघाची रचना तिथूनच उलगडते. क्रिकेटला गोलंदाजाच्या हातामागची बाजू, म्हणजे चेंडूची हालचाल दिसते. दुपारच्या सामन्याला पश्चिमेच्या स्टँडमध्ये बसा, सूर्य पाठीशी राहतो. पूर्वेकडचं तिकीट स्वस्त मिळालं तर टोपी आणि गॉगल त्यातच आले असं समजा.

आदल्या रात्रीची तयारी

तिकीट घरच्या नेटवर उघडून फोनच्या वॉलेटमध्ये साठवा. हजारो फोन एकाच टॉवरवर तुटून पडले की गेटवर इंटरनेट अडकतं. क्यूआर कोड ठरावीक सेकंदांनी बदलत असेल, तर स्क्रीनशॉट चालत नाही. स्कॅनर कोड वाचत नसेल, तर आधी स्क्रीनचा उजेड पूर्ण वाढवा. निम्म्या वेळा दोष तिथंच असतो. गेटबाहेर उत्साहानं तिकिटाचा फोटो टाकू नका, कोडची कोणीही नक्कल करू शकतं.

दहा हजार एमएएचची पॉवर बँक प्रत्यक्षात सहा-साडेसहा हजारांइतकीच उपयोगी पडते, कारण व्होल्टेज बदलताना ऊर्जा खर्च होते. पाच हजारांचा फोन एकदा पूर्ण आणि वर थोडासा चार्ज होईल. काही स्टेडियम पॉवर बँक आत नेऊच देत नाहीत, तेव्हा त्या ठिकाणचा नियम बघा आणि फोन भरूनच निघा. पिशवीचं मापही तपासा, बऱ्याच ठिकाणी ए-४ कागदाहून मोठी पिशवी चालत नाही. छत्रीऐवजी घडीचा पातळ रेनकोट ठेवा. मागच्याचा रस्ता आणि दृश्य अडवते म्हणून छत्री गेटवरच काढून घेतात.

बूट दोन जोड ठेवा आणि आलटून पालटून घाला. घामानं ओलावलेला बूट वाळायला पूर्ण दिवस लागतो आणि ओल्या बुटात फोड लवकर येतात. नवे बूट या आठवड्यात काढूच नका. बराच वेळ उभं राहायचं असेल तर गुडघे ताठ धरू नका. पोटऱ्या हलल्या नाहीत की रक्त पायात साचतं आणि भोवळ येते. अधूनमधून टाचा उचला.

गर्दीत

एका चौरस मीटरमध्ये चार माणसांपर्यंत हलता येतं. पाचच्या पुढे धोका सुरू होतो आणि सहा-सात झाले की गर्दी पाण्यासारखी वाहू लागते. तिथं एकट्याच्या ताकदीचा काही उपयोग नसतो. चारही बाजूंनी शरीरं टेकली आणि हात वर नेता येईना, की तीच निघण्याची वेळ. मुठी छातीसमोर धरून फुप्फुसांपुरती जागा राखा, लोंढ्याविरुद्ध ढकलू नका, धक्का ओसरला की तिरकं तिरकं कडेला सरका. खाली पडलेला फोन तिथंच राहू द्या.

परत येणं आणि झोप

भेटण्याची जागा आधीच ठरवा आणि ती क्रमांक असलेला खांब किंवा पाटी अशी नेमकी असू द्या. "गेटपाशी" म्हटलं की चार जण चार गेटांवर उभे राहतात. बाहेर पडायला शेवटच्या गाण्याआधी पाच मिनिटं निघा, नाहीतर संपल्यावर अर्धा तास जागेवरच बसा. मधली वीस मिनिटं सर्वांत वाईट. भाड्याची गाडी दारात न बोलावता दहा-पंधरा मिनिटं चालून गेल्यावर बोलवा.

कॉफीतल्या कॅफिनचा निम्मा भाग शरीरात साधारण पाच तास राहतो, म्हणजे रात्री आठच्या कपाचा निम्मा परिणाम एक वाजता शिल्लक असतो. उशिराचा कार्यक्रम असेल तर दुपारी तीनच्या आत २० मिनिटांची डुलकी काढा आणि सकाळी उठण्याची वेळ तासाभराहून जास्त हलवू नका. घसा बसला तर कुजबुजत बोलू नका. जोरानं कुजबुजताना स्वरतंतूंवर ताणच येतो, त्यापेक्षा गप्प राहणं बरं.

कानात शिट्टी वाजत राहिली आणि दुसऱ्या दिवशीही कमी झाली नाही, तर त्या आठवड्यातलं पुढचं मोठ्या आवाजाचं तिकीट कोणाला तरी देऊन टाका. दोन दिवसांनंतरही वाजत असेल तर कानाच्या डॉक्टरांकडे जा, आणि एका कानानं अचानक ऐकू येईनासं झालं तर त्याच दिवशी, कारण उपचार लवकर सुरू झाले तरच त्यांचा खरा उपयोग होतो. तिकीट द्यायचं ठरलं तर सकाळीच ठरवा. काही अ‍ॅपवर कार्यक्रमाच्या काही तास आधी तिकीट दुसऱ्याच्या नावावर करणं बंद होतं.