रिटेल स्टोअर डिझाइनमध्ये कार्बन कमी करायचं काम अंगावर आलंय? आधी हे वाचा

इंटिरियर किंवा आर्किटेक्चर करून रिटेलमध्ये आलात आणि "सस्टेनेबिलिटी तू बघ" म्हणून फाईल हातात पडली, तर पहिल्यांदा सगळे सिमेंटच्याच मागे लागतात, कारण कॉलेजात तेच शिकवलेलं असतं. चूक नाहीये ते. जगातल्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनाचा साधारण ७-८ टक्के वाटा सिमेंटचा, आणि त्यातला निम्म्याहून जास्त चुनखडी भाजताना दगडातूनच सुटतो, भट्टीला इंधन कुठलंही घाला.

पण स्टोअर बहुतेक वेळा आयत्या बिल्डिंगमध्ये असतं हो! स्लॅब-कॉलम आपले नाहीतच. आपलं काय, तर फ्लोअरिंग, पार्टिशन, फॉल्स सीलिंग, रॅक, काउंटर, आणि ब्रँडचा लूक बदलला की हेच सगळं उखडून पुन्हा नवीन, म्हणजे एका वेळचा कार्बनचा आकडा छोटा वाटला तरी बिल्डिंगच्या आयुष्यात तो किती वेळा मोजावा लागेल बघा. म्हणून माझ्या मते मटेरियल निवडण्याआधी जुन्यातलं काय ठेवता येईल ते साईटवर जाऊन बघायचं. जुनी फरशी पॉलिश करून चालत असेल तर नव्या 'ग्रीन' टाइलपेक्षा तीच बरी.

नवीन घ्यायचंच असेल तर व्हेंडरकडे ईपीडी मागा, म्हणजे एन्व्हायर्नमेंटल प्रॉडक्ट डिक्लरेशन, त्या प्रॉडक्टचा पर्यावरणावरचा परिणाम मोजून दिलेला कागद. ब्रोशर नको, ईपीडीच. त्यात ए१ ते ए३ म्हणजे कच्च्या मालापासून फॅक्टरीच्या गेटपर्यंतचा हिशोब. दोन प्रॉडक्ट लावून बघताना युनिट आधी तपासा, एक किलोवर आणि दुसरं चौरस मीटरवर असेल तर तुलनेला काही अर्थ नाही. लाकडी पॅनलचा आकडा मायनसमध्ये दिसला की लोक खूश होतात, पण झाडाने शोषलेला कार्बन तिथे वजा केलेला असतो आणि पॅनल जाळलं किंवा कुजलं की तो सी३-सी४ मध्ये, म्हणजे वापर संपल्यावर विल्हेवाट लावतानाच्या हिशोबात, परत येतो, ते पान कोणी उघडतच नाही.

ॲल्युमिनियमच्या फ्रेम असतील तर रिसायकल्ड किती ते विचाराच, भंगारातून बनवायला नव्याच्या जेमतेम ५ टक्के ऊर्जा लागते.

आणि जोड बघा. एमडीएफवर दगड गोंदाने चिकटवलेला काउंटर काढताना दोन्ही वाया, तोच स्क्रूवर बसवला तर सुटा होऊन दुसऱ्या स्टोअरला जातो. हे ड्रॉइंगमध्येच ठरवून घ्या, ऑर्डर गेल्यावर कोणी ऐकत नाही.