डासाच्या लाळेवरची एलायझा: या चुका टाळा

अ‍ॅनॉफिलिस या मलेरिया पसरवणाऱ्या डासाची मादी रक्त पिताना ते गोठू नये म्हणून कातडीत लाळ सोडते. त्या लाळेतल्या प्रथिनांविरुद्ध माणसाच्या रक्तात आयजीजी प्रतिपिंडं तयार होतात. ती एलायझाने, म्हणजे प्लास्टिकच्या प्लेटवरच्या छोट्या खळग्यांत (वेल्समध्ये) रंग आणून प्रतिपिंडं मोजणाऱ्या चाचणीने, मोजली की वस्तीत डास किती चावताहेत याचा अंदाज येतो, आणि कुणाला रात्रभर पाय उघडे टाकून डास पकडायला बसवावं लागत नाही. यासाठी सर्वांत जास्त वापरात आहे ते जीएसजी६-पी१, म्हणजे आफ्रिकेतल्या अ‍ॅनॉफिलिस गॅम्बीच्या लाळप्रथिनावरून बनवलेलं २३ अमिनो आम्लांचं पेप्टाइड (प्रथिनाचा छोटा तुकडा). चाचणी दिसते साधी, पण आकडे हमखास फसतात ते पुढच्या ठिकाणी.

अख्खी लाळग्रंथी वाटून वापरणं. स्वस्तात प्रतिजन (प्रतिपिंडं ज्याला चिकटतात तो पदार्थ) मिळतं हे खरं. पण त्यातली बरीच प्रथिनं क्युलेक्स आणि एडिसच्या लाळेतही थोड्याफार फरकाने असतात. गटारावरच्या क्युलेक्सने फोडून काढलेला माणूसही मग ‘मलेरियाच्या डासांना सामोरा गेलेला’ ठरतो. शिवाय दर खेपेच्या ग्रंथी वेगळ्या, त्यामुळे मार्चची प्लेट आणि ऑक्टोबरची प्लेट जुळत नाही.

रिकामी वेल वाचवणं. सर्वांत महागात पडणारी काटकसर हीच. प्रत्येक नमुन्याला पेप्टाइडच्या दोन वेल्स आणि पेप्टाइड नसलेली एक वेल लागतेच. समजा एकाच्या दोन वेल्सची ओडी (रंग किती गडद आहे त्याचा आकडा) ०.६२ आणि ०.५८ आली, रिकामीची ०.४१. सरासरी ०.६० मधून ०.४१ वजा केले की उरले ०.१९. दुसऱ्याची ०.४० आणि ०.३८, रिकामीची ०.०६, उरले ०.३३. रिकामी वेल नसती तर पहिल्यालाच जास्त डास चावले असं लिहून मोकळे झालो असतो. काहींचं सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव) प्लास्टिकलाच चिकटतं, त्याला इलाज नाही. दोन वेल्समधला फरक २० टक्क्यांच्या वर गेला तर सरासरी काढत बसू नका, नमुना पुन्हा लावा.

पेप्टाइड कमी घालणं. मोठ्या प्रथिनाला १-२ मायक्रोग्रॅम पुरतात म्हणून इथेही तेवढंच घातलं जातं. एवढंसं पेप्टाइड प्लेटला नीट धरत नाही. प्रचलित पद्धतीत दर मिलिलिटरला २० मायक्रोग्रॅम, प्रत्येक वेलमध्ये १०० मायक्रोलिटर आणि ३७ अंशांवर अडीच तास, तेही जास्त पकड असलेल्या प्लेटवर. सीरम १ टक्का ट्वीन (साबणासारखा पदार्थ) घातलेल्या पीबीएस या मिठाच्या बफरमध्ये ३२० पट पातळ करून ४ अंशांवर रात्रभर ठेवतात. ट्वीन जास्त वाटेल, पण फुकटची चिकटाचिकट त्यानेच थांबते. पेप्टाइडचं द्रावण छोट्या नळ्यांत विभागून गोठवा. एकच नळी पुन्हापुन्हा वितळवू नका.

ब्लॉकिंगला (प्लेटची उरलेली जागा झाकायला) दूध पावडर. आयजीजीला धरणारं प्रतिपिंड आणि रंग आणणारं एन्झाइम एकमेकांना जोडायला बायोटिन-स्ट्रेप्टाव्हिडिन ही जोडी वापरणार असाल तर दूध नकोच. दुधातलं बायोटिन प्लेटवर राहिलं की स्ट्रेप्टाव्हिडिन त्यालाच धरतं आणि रिकाम्या वेल्सही हिरव्या होतात.

उलट अख्खी प्लेट फिकी पडली तर आधी बफरच्या बाटलीवरचं लेबल वाचा. सोडियम अझाइड घातलेलं असेल तर पेरॉक्सिडेजचं, म्हणजे रंग आणणाऱ्या एन्झाइमचं, काम तिथेच थांबतं. फक्त कडेच्या वेल्स चढ्या आल्या तर झाकण नीट बसलेलं नाही, पाणी उडालंय. आणि टीएमबी या रंग देणाऱ्या रसायनाच्या सवयीने एबीटीएस या दुसऱ्या रसायनावर सल्फ्युरिक आम्ल ओतू नका. ठरलेल्या मिनिटाला ४०५ नॅनोमीटरवर वाचन घ्या, सगळ्या प्लेट्सना तेच मिनिट.

‘डास न चावलेली’ माणसं जवळच शोधणं. पॉझिटिव्ह-निगेटिव्हची सीमारेषा ठरते ती डास न चावलेल्यांच्या सरासरीत प्रमाण विचलनाची तिप्पट मिळवून. आफ्रिकेतल्या अभ्यासांत त्यासाठी युरोपातल्या, कधी तिकडे न गेलेल्यांचं सीरम घेतलं गेलं. आपल्याकडे मुंबई-पुण्यातल्या रक्तपेढीचं सीरम सोपं वाटतं, पण शहरात अ‍ॅनॉफिलिस स्टिफेन्सी गच्चीवरच्या टाकीत आणि बांधकामाच्या साठलेल्या पाण्यात मजेत वाढतो. अशा नमुन्यांनी सीमारेषा वर सरकते आणि खरोखर डास चावलेलेही निगेटिव्ह निघतात.

डासाची जात न बघणं. गडचिरोलीत मलेरियाचे मुख्य वाहक डास क्युलिसिफेसीज आणि फ्लुव्हिआटिलिस, गोव्यात स्टिफेन्सी. गॅम्बीशी त्यांचं नातं आहे, म्हणून पेप्टाइड चालण्याची शक्यता आहे, पण गृहीत धरू नका. आधी स्थानिक डासांच्या मोजणीशी ताडून बघा. दक्षिण अमेरिकेतल्या अ‍ॅनॉफिलिस डार्लिंगीत तर हे प्रथिनच नाही.

नमुना कधी घेतला हे न नोंदवणं. ही प्रतिपिंडं टिकाऊ नाहीत. अंगोलात मच्छरदाण्या वापरात आल्यावर काही आठवड्यांतच पातळी उतरली. मच्छरदाणीचा परिणाम तपासायला हा गुण फारच उपयोगी, पण जूनच्या सुरुवातीचे नमुने एका गावातून आणि ऑक्टोबरचे दुसऱ्या गावातून घेतले तर तुलना मच्छरदाण्यांची होत नाही, पावसाळ्याची होते. तान्ह्या बाळांना वेगळं ठेवा. त्यांच्या रक्तात आईचे आयजीजी असतात. वयाने मोठ्यांचे आणि लहान मुलांचे आकडेही एकत्र करू नका. वर्षानुवर्षं डास चावून घेतलेल्या प्रौढांत प्रतिसाद उलट कमीही दिसतो.

फिल्टर पेपरवर बोटाचं रक्त घेत असाल तर ठिपका पूर्ण वाळू द्या, मगच सिलिकाच्या पुडीसह बंद पिशवीत घाला. पावसाळी हवेत अर्धवट ओला ठिपका बुरसतो. चकती नेहमी एकाच मापाची आणि रक्ताने पूर्ण भरलेल्या भागातूनच पाडा.

अहवालात ओडीचं भाषांतर ‘रात्री इतके डास’ असं करू नका. आकडे बहुधा एका बाजूला झुकलेले असतात, म्हणून सरासरीऐवजी मध्यक द्या आणि गटांची तुलना करा. पॉझिटिव्ह आलेल्याला मलेरिया आहे असंही त्याला सांगू नका. चावणाऱ्या डासांपैकी थोड्यांच्याच लाळेत जंतू असतात. त्याला ताप असेल तर बोटातून रक्त घेऊन मलेरियाची वेगळी तपासणी करा.